प्रकाश आधी, विशालन मागाहून

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर ऐरोलीपासून नेरुळ-सीवूड्सपर्यंत आणि पश्चिम तीरावर मुलुंड-भांडुपपासून शिवडीपर्यंत ज्या उंच वसाहती गेल्या काही दशकांत उभ्या राहिल्या, त्यांतील सहस्रावधी कुटुंबांना एक असे वैभव अनायासे लाभले आहे, की ज्याचा उपभोग घेण्याचे साधन त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या घरी आढळते. कार्तिकापासून वैशाखापर्यंत या खाडीच्या चिखलात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. मालगुजे, कोरल, तुतारी, चिखले असे उत्तरेकडून आलेले प्रवासी त्यांच्या आजूबाजूला चरत असतात. खाडीचा काही भाग 2015 साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 साली रामसर करारान्वये त्याची गणना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली. असे असूनही दहाव्या-बाराव्या मजल्यावरून नुसत्या डोळ्यांना जे दिसते ते ओहोटीच्या चिखलावरील एक गुलाबी पट्टी, एवढेच. त्या पट्टीतील एखाद्या पक्ष्याची मान कशी वळते, चोच उलटी करून तो पाणी कसे गाळतो, पिल्लाचा राखी रंग कोणत्या महिन्यात उजळू लागतो, हे घरबसल्या पाहावे अशी इच्छा ज्याच्या मनात उत्पन्न होते तो बाजारात जातो. आणि तेथे त्याची निवड बहुधा चुकते, कारण दुकानात पाऊल टाकताच तो जो पहिला प्रश्न विचारतो, की हे यंत्र किती पट मोठे दाखवते, तोच मुळी गौण असतो.

ज्याला सर्वत्र स्पॉटिंग स्कोप म्हणतात ते एका डोळ्याने पाहावयाचे, तिवईवर बसवावयाचे आणि सुलट प्रतिमा देणारे दूरदर्शक होय. हातात धरावयाची द्विनेत्री दुर्बीण आठ किंवा दहा पटींपलीकडे सहसा जात नाही, कारण त्यापुढे हाताचा कंपच प्रतिमा पुसून टाकतो. स्कोपची मजल सामान्यतः वीस पटींपासून साठ पटींपर्यंत असते. यावरून हेही उघड व्हावे की ज्याच्या अंगणात पेरूचे झाड आहे आणि त्यावरील शिंजीर व बुलबुल पाहणे एवढीच ज्याची हौस आहे, त्याला स्कोपची गरज नाही. पुष्कळसे स्कोप चार-पाच मीटरांच्या आतील वस्तूवर स्थिरावतच नाहीत, आणि तेथे चांगली द्विनेत्री दुर्बीणच अधिक उपयोगी पडते. स्कोप हे खाडीकाठच्या, उजनीच्या फुगवट्याकाठच्या, कोकणातील सड्यावरच्या किंवा समोर डोंगरकडा असलेल्या घराचे साधन आहे. जेथे प्राणी दूर आहे, तो दूरच राहावा अशी आपली इच्छा आहे आणि तरीही त्याचे सविस्तर दर्शन हवे आहे, अशा ठिकाणी त्याला पर्याय नाही.

आता त्या पटींच्या प्रश्नाकडे वळू. वस्तुभिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याला विशालनाने भागले म्हणजे नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी मिळते. 80 मिलिमीटरांचे भिंग आणि 20 पट विशालन असेल तर ही जाडी 4 मिलिमीटर भरते; तेच यंत्र 60 पटींवर नेले की ती 1.3 मिलिमीटरवर येते, आणि भिंग 60 मिलिमीटरांचे असेल तर 60 पटींवर अवघी 1 मिलिमीटर उरते. मनुष्याच्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटर उघडते, संधिप्रकाशात पाच किंवा अधिकही उघडते, वयोमानाप्रमाणे हे उघडणे कमी होत जाते. म्हणजे डोळा जेवढा प्रकाश स्वीकारण्यास सिद्ध आहे त्याच्या लहानशा अंशावर त्याची बोळवण करणारे यंत्र आकार वाढवील खरे, परंतु त्या वाढलेल्या आकारात तपशील उरणार नाही. करड्या पार्श्वभूमीवर करडाच एक मोठा ठिपका पाहण्यासाठी कोणी खर्च करू नये. विशालन वाढले की दृश्याचा पल्लाही आकसतो: वीस पटींवर एक किलोमीटर अंतरावरील साधारण पस्तीस-चाळीस मीटर रुंदीचा पट्टा दृष्टीत येतो, साठ पटींवर तो वीस मीटरांच्याही आत जातो, आणि मग उडालेला पक्षी पुन्हा सापडणे दुरापास्त होते. म्हणून ज्या खोक्यावर शंभर किंवा त्याहून अधिक पटींचा आकडा ठळक छापलेला आहे आणि भिंगाचा व्यास मात्र कोपऱ्यात बारीक अक्षरांत दडवलेला आहे, ते खोके खुशाल परत ठेवावे. मी स्वतः कोणासही प्रथम भिंगाचा व्यास, नंतर काचेची जात, नंतर तिवई आणि सर्वांत शेवटी विशालन याच अनुक्रमाने विचार करण्याचा सल्ला देतो, आणि नुसते पाहण्यासाठी यंत्र घेणाऱ्याने या अनुक्रमात फेरबदल करण्याचे कारण मला आजवर आढळले नाही.

काचेच्या जातीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण किमतीतील तफावतीचे पुष्कळसे रहस्य तिच्यातच आहे. साध्या भिंगातून जाताना प्रकाशाचे निरनिराळे रंग निरनिराळ्या अंतरांवर एकत्र येतात, आणि त्यामुळे प्रत्येक वस्तूभोवती जांभळी-हिरवी किनार उमटते. दूरदर्शकांच्या आरंभीच्या दीडशे वर्षांत हा दोष असाध्य मानला जात होता. दोन भिन्न जातींच्या काचा एकत्र जोडून तो बव्हंशी घालवण्याच्या रचनेचे पेटंट लंडनच्या जॉन डोलंडने 1758 साली घेतले. उरलेला अंशही काढण्यासाठी जर्मनीत एर्न्स्ट आबे याने 1886 साली सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत फ्लोराइट या खनिजाचा उपयोग केला. आज ईडी या नावाने जी काच विकली जाते ती याच परंपरेतील अत्यल्प अपस्करण करणारी काच होय. काही उत्पादक, उदाहरणार्थ जपानची कोवा ही कंपनी आपल्या 88 मिलिमीटरांच्या स्कोपमध्ये, प्रत्यक्ष फ्लोराइटचा स्फटिक वापरतात. स्कोपमधून स्वतःच्या डोळ्याने पाहणारा मनुष्य किनारीचा दोष काही काळाने विसरतो, कारण मेंदू तो झाकून घेतो. कॅमेरा मात्र काहीही झाकत नाही. पांढऱ्या बगळ्याच्या मानेभोवतीची जांभळी रेघ छायाचित्रात निर्दयपणे उमटते. म्हणून स्कोपला मोबाइल जोडून छायाचित्रे घेण्याचा, म्हणजेच डिजिस्कोपिंगचा, ज्याचा मानस असेल त्याने विशालनाचा पल्ला कमी असलेला परंतु ईडी काचेचा स्कोप पसंत करावा आणि त्यासाठी आवश्यक तर भिंगाचा व्यासही एक पायरी खाली आणावा. परीक्षा सोपी आहे. दुकानाबाहेर येऊन उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर विजेची तार किंवा तारेवर बसलेला कावळा पाहावा. त्याच्या कडा स्वच्छ काळ्या दिसतात की रंगीत, आणि मधोमध आणलेली प्रतिमा दृश्याच्या काठाकडे सरकवली असता कितपत विस्कटते, एवढे पाहिले तरी अर्धा निवाडा होतो.

येथेच आणखी एका सर्रास चुकीचा उल्लेख करतो. मुलांसाठी म्हणून आकाशनिरीक्षणाची जी स्वस्त दुर्बीण घेतली जाते तीच खाडीकडे वळवून पक्षी पाहावेत असा पुष्कळांचा हिशेब असतो. केप्लरने 1611 साली दोन बहिर्गोल भिंगांच्या ज्या रचनेचे वर्णन केले तिच्यात प्रतिमा उलटी दिसते. ग्रहताऱ्यांच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही, परंतु चिखलावर धावणारा तुतारी पक्षी डोके खाली पाय वर असा दिसू लागला की निरीक्षण थोड्याच वेळात असह्य होते. प्रतिमा सुलट करणाऱ्या लोलकांच्या जोडीचे पेटंट इग्नाझिओ पोर्रो या इटालियन तंत्रज्ञाने 1854 साली घेतले, आणि स्कोपच्या पोटात तीच किंवा तिच्या पुढच्या पिढीतील लोलकरचना बसवलेली असते. शिवाय चांगल्या स्कोपचे अंग हवाबंद असून त्यात बहुधा नायट्रोजन भरलेला असतो. आकाशदुर्बिणीला ही तजवीज क्वचितच असते, आणि आपल्या पावसाळ्यात तिच्या भिंगांवर बुरशीची जाळी धरण्यास फार काळ लागत नाही.

भिंग 65 मिलिमीटरांचे घ्यावे की 80 चे, या प्रश्नाचे उत्तर ते कोठे ठेवावयाचे आहे यावर अवलंबून आहे. 65 च्या यंत्राचे वजन किलो-सव्वा किलोच्या आसपास असते, 80-85 चे पावणेदोन-दोन किलोंपर्यंत जाते. जो मनुष्य एस.टी.ने भिगवणला जाणार, तेथून होडीत बसणार किंवा नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावर चालत हिंडणार, त्याने लहान भिंगच घ्यावे. खांद्याला जड झालेली वस्तू दुसऱ्या खेपेस घरीच राहते. परंतु घरच्या गच्चीवर किंवा सज्जात कायमचा मुक्काम असलेल्या यंत्राला वजनाचा विचार लागू पडत नाही. 80 चे भिंग 60 च्या भिंगापेक्षा सुमारे पावणेदोन पट प्रकाश गोळा करते, आणि हा अधिकचा प्रकाश उपयोगी पडतो तो नेमका सकाळच्या पहिल्या व सायंकाळच्या शेवटच्या घटकेत, जेव्हा प्राणी सर्वाधिक हालचाल करतात आणि नोकरदार मनुष्य घरी असतो. म्हणून घरासाठी माझी शिफारस 80 ची आहे. नेत्रिका वाकडी असावी, सरळ असू नये, ही शिफारस तर मी अधिकच आग्रहाने करतो. पंचेचाळीस अंशांत वळलेल्या नेत्रिकेत वरून वाकून पाहता येते. तिवई ठेंगणी ठेवली तरी उंच मनुष्याला अडचण होत नाही, आणि आजोबांनी पाहिल्यावर नातीला दाखवण्यासाठी तिवईचे पाय खालीवर करून सापडलेला पक्षी घालवावा लागत नाही. चष्मा वापरणाऱ्याने नेत्रिकेपासून डोळा किती अंतरावर ठेवून संपूर्ण वर्तुळ दिसते हे विचारून घ्यावे. पंधरा मिलिमीटरांच्या आतील नेत्रिका चष्मेवाल्यास त्रासदायक ठरते, आणि विशालन बदलत्या नेत्रिकेत हे अंतरही बदलू शकते, म्हणून दुकानात दोन्ही टोकांवर पाहून खात्री करावी.

यानंतर येते तिवई, आणि येथे आपल्या लोकांची काटकसर मला खरोखर व्यथित करते. चाळीस हजारांचा स्कोप घेऊन तो हजार-बाराशे रुपयांच्या, सेल्फीसाठी बनवलेल्या पोकळ तिवईवर ठेवणारे सद्गृहस्थ मी पाहिले आहेत. मग वारा सुटला की प्रतिमा थरथरते आणि दोष काचेच्या माथी मारला जातो. चाळीस पट विशालन म्हणजे तिवईचा प्रत्येक कंपही चाळीस पट मोठा होणे होय. पखवाजाला जशी बैठक, तशी दुर्बिणीला तिवई: बैठक डळमळली की वाद्य कितीही उत्तम असो, बोल उमटत नाहीत. ज्याच्या जवळ ठरावीक रक्कम आहे त्याने तिचा चतुर्थांश, शक्य तर तृतीयांश, भाग तिवई व तिच्या माथ्यासाठी राखून ठेवावा, मग त्यापायी स्कोप एक पायरी उतरला तरी चालेल. माथा व्हिडिओ चित्रणाचा, तेलाच्या रोधाने संथ फिरणारा असावा. गोळ्याचा माथा छायाचित्रकारांना प्रिय असला तरी चालत्या पक्ष्याच्या मागे आडवे सरकण्यास तो निरुपयोगी. घरी तर आपल्याला आणखी एक सोय आहे: तिवईच्या मध्यदंडाला वाळूची किंवा तांदळाची पिशवी टांगता येते, मध्यदंड वर न काढता पायांचीच उंची वापरता येते, आणि खुर्चीवर बसून पाहता येते. बसून पाहणारा मनुष्य उभ्या मनुष्यापेक्षा अधिक वेळ पाहतो, आणि निसर्गनिरीक्षणात अधिक वेळ पाहणे यासारखे दुसरे भांडवल नाही. सज्जाच्या कठड्याला चिकटवलेल्या पकडी मी टाळतो, कारण घरातील पावलांचा आणि खालच्या रस्त्यावरील वाहनांचा कंप कठड्यातून थेट भिंगापर्यंत पोहोचतो.

इतके सर्व जुळून आले तरी हवा आपला कर वसूल करतेच. फाल्गुनानंतर सकाळी नऊ वाजले की खाडीवरची हवा तापू लागते, चिखल आणि पाणी यांवरून उठणाऱ्या लहरी प्रतिमेला वितळवू लागतात, आणि मग लाखो रुपयांचे यंत्रही तीस पटींपलीकडे काही दाखवू शकत नाही. हा दोष यंत्राचा समजून ते परत करणाऱ्यांनी हिवाळ्यातील सकाळ होईपर्यंत धीर धरावा. गच्चीचा तापलेला स्लॅब आणि वातानुकूलित खोलीची उघडी खिडकी हीसुद्धा अशाच लहरींची उगमस्थाने आहेत. बंद खिडकीच्या काचेतून तर पाहूच नये, कारण ती काच भिंगाच्या कसोटीची नसते. प्रकाशाच्या दिशेचा विचारही घराच्या जागेवरूनच ठरतो. ऐरोली-नेरुळकडील मनुष्याला खाडी पश्चिमेस असते, त्याच्या पाठीशी सूर्य असतो तो सकाळी. भांडुप-विक्रोळीकडील मनुष्याला तीच खाडी पूर्वेस असते आणि त्याची वेळ तिसऱ्या प्रहरानंतरची. यात भरती-ओहोटीचे वेळापत्रक मिसळले, म्हणजे ओहोटीला चिखल उघडा पडल्यावर पक्षी चरण्यास पसरतात आणि भरतीला उंच पाणथळींकडे सरकतात हे लक्षात घेतले, की महिन्यातील उत्तम दिवस आधीच हेरून ठेवता येतात.

डिजिस्कोपिंगची कहाणी फार जुनी नाही. 1999 च्या सुमारास मलेशियातील लॉरेन्स पोह या पक्षिनिरीक्षकाने आपल्या स्कोपच्या नेत्रिकेला एक लहान डिजिटल कॅमेरा लावून जी चित्रे घेतली ती पाहून जगभरच्या निरीक्षकांनी ते तंत्र उचलले. आज त्या कॅमेऱ्याची जागा प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलने घेतली आहे. गणित सरळ आहे. मोबाइलच्या मुख्य भिंगाचा आवाका जुन्या फिल्मच्या मापात साधारण 25 मिलिमीटरांच्या भिंगाइतका असतो. स्कोप वीस पटींवर असेल तर दोघांचे मिळून 500 मिलिमीटर होतात, चाळीस पटींवर 1000. एवढ्या पल्ल्याचे स्वतंत्र उत्तम भिंग घेण्यास काही लाख रुपये मोजावे लागतात. मात्र या तुलनेने कोणी हुरळून जाऊ नये: उडता पक्षी, अंधारी झाडी, निमिषार्धात घडणारी झेप, येथे मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्याचीच सत्ता आहे आणि राहील. स्कोप व मोबाइल यांच्या जोडीचे सामर्थ्य स्थिर किंवा संथ चालणाऱ्या दूरच्या प्राण्याची सविस्तर नोंद घेण्यात आहे, आणि ते सामर्थ्य अपूर्व आहे.

त्यासाठी मोबाइल व नेत्रिका यांना जोडणारी पकड मजबूत व एकाच स्कोपच्या मापाची असली तर उत्तम. कोणत्याही यंत्राला बसणारी सार्वत्रिक पकड स्वस्त पडते, परंतु तिचे केंद्र दर खेपेस जुळवण्यात पक्षी निघून जातो. नवीन मोबाइलला तीन-तीन भिंगे असतात आणि तो आपल्या मर्जीने एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. ही सवय बंद करणारी तजवीज त्याच्या कॅमेऱ्यात आहे की नाही ते आधी पाहून घ्यावे. विशालन वीस-तीसवरच ठेवावे, कडेचा काळा वर्तुळाकार पट्टा दिसेनासा होईल एवढेच मोबाइलवर किंचित पुढे जावे, प्रतिमेची स्पष्टता स्कोपच्या चक्रीने जुळवावी आणि मोबाइलला ती बदलू देऊ नये. बोटाच्या स्पर्शाने यंत्र हलते, म्हणून दोन सेकंदांचा विलंब लावावा किंवा दूरनियंत्रक वापरावा. माझा स्वतःचा कल चलचित्रणाकडे आहे. एका मिनिटाच्या चित्रणातून हवा क्षणभर स्थिर झाली तेव्हाची एक स्वच्छ चौकट नंतर काढून घेता येते, आणि पक्ष्याची चाल, जी पुष्कळदा रंगापेक्षा अधिक खात्रीची ओळख असते, ती अनायासे दप्तरी राहते.

या नोंदीचे मोल मी मुद्दाम सांगतो, कारण छायाचित्राच्या सौंदर्यावर आज एवढा भर दिला जातो की त्याच्या पुराव्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. खाडीत रोहितांच्या दोन जाती एकत्र चरतात. मोठा रोहित उंच, त्याची चोच फिकट गुलाबी आणि टोकाशी काळी, तर लहान रोहित अंगाने ठेंगणा, गडद चोचीचा आणि निळ्या-हिरव्या शेवाळावर जगणारा. लहान रोहित जागतिक यादीत संकटाच्या उंबरठ्यावरील जातींत नोंदलेला आहे, म्हणून थव्यात त्याचे प्रमाण किती हे जाणणे महत्त्वाचे. आणि ते नुसत्या डोळ्याने होत नाही. त्याहून अद्भुत गोष्ट पायांतील खुणांची. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, जिची स्थापना 1883 ची, डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली 1960 च्या दशकात पक्ष्यांच्या स्थलांतराचा मोठा अभ्यास केला; त्या काळी पायात घातलेल्या धातूच्या कड्यावरील आकडा वाचण्यासाठी तो पक्षी पुन्हा हाती लागणे आवश्यक असे. आता चिखल्यांच्या व तुताऱ्यांच्या पायांत अक्षरे कोरलेली रंगीत पट्टी असते, आणि शंभर मीटरांवरून स्कोपमधून घेतलेल्या साध्या, किंचित धूसर चित्रातही ती अक्षरे वाचता येतात. घरच्या सज्जातून घेतलेले असे एक चित्र अभ्यासकांच्या हाती पडले तर एका लहानशा जिवाच्या सहस्रावधी मैलांच्या प्रवासातील एक मुक्काम निश्चित होतो.

आणि अंतर हे या साधनाचे वैगुण्य मानणाऱ्यांशी माझा तीव्र मतभेद आहे. अलीकडे पाणवठ्यांवर व घरट्यांपाशी कॅमेऱ्यांची जी गर्दी होते, पक्षी बाहेर यावा म्हणून त्याच्याच आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजवले जाते, आडोसा देणाऱ्या फांद्या छाटल्या जातात, ते पाहून मन विषण्ण होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे याचाही समावेश आहे. बंदूक न उचलताही मनुष्य त्या व्याख्येत सापडू शकतो, हे प्रत्येक हौशी छायाचित्रकाराच्या कानी घातले पाहिजे. स्कोपच्या मागे बसलेला मनुष्य पक्ष्याच्या जगात पाऊल टाकत नाही. माडावरील समुद्रगरुडाचे घरटे अर्ध्या किलोमीटरवरून पाहिले असता मादी मान वर करून आपल्याकडे पाहतही नाही. आणि निश्चिंत प्राण्याचे वर्तन हेच खरे वर्तन. अशा घरट्याचे चित्र घेतले तरी ते सर्वत्र पाठवू नये, कारण मोबाइल चित्राबरोबर स्थळाचे अक्षांश-रेखांशही नोंदवून ठेवतो. ती नोंद बंद करून ठेवणे हे डिजिस्कोपिंग करणाऱ्याचे पहिले कर्तव्य समजावे.

शहरात राहणाऱ्यास आणखी एका मर्यादेचे भान हवे. जे यंत्र शंभर मीटरांवरील पक्ष्याच्या पायातील अक्षरे वाचता येतील इतकी जवळ आणते, ते समोरच्या इमारतीतील खिडकीही तितकीच जवळ आणते. यंत्राचे तोंड खाडीकडे राहील, कोणाच्या घराकडे वळणार नाही, अशाच जागी ते मांडावे, आणि शेजाऱ्यांना एकदा बोलावून त्यातून काय दिसते ते दाखवावे. संशयाला जागा राहत नाही. दुसरी मर्यादा प्राणघातक नसली तरी डोळाघातक आहे. सूर्याकडे स्कोप क्षणभरही वळवू नये. लहान मुलांना ही गोष्ट पहिल्याच दिवशी बजावावी, आणि काम संपताच वस्तुभिंगावर झाकण घालावे, कारण उघड्या गच्चीवर विसरलेले भिंग दुपारच्या उन्हात आगीलाही कारण होऊ शकते.

किमतीचा प्रश्न मी टाळत नाही. बाजारात दहा-पंधरा हजारांपासून तीन-चार लाखांपर्यंत स्कोप मिळतात, आणि ईडी काचेचे चांगले यंत्र व त्याला शोभेशी तिवई मिळून होणारी रक्कम मध्यमवर्गीय कुटुंबास जड जाते हे मला मान्य आहे. म्हणूनच माझी खरी सूचना व्यक्तींना नसून गृहनिर्माण संस्थांना, शाळांना आणि सार्वजनिक वाचनालयांना आहे. पाणथळीसमोर उभी असलेली संस्था उत्सवाच्या सजावटीवर आणि प्रवेशद्वाराच्या कमानीवर जो खर्च दरवर्षी मंजूर करते, त्याचा एक भाग एकदाच बाजूला काढला तर सर्व सभासदांच्या उपयोगाचा एक उत्तम स्कोप गच्चीवर येऊ शकतो. त्याचा बंदोबस्त सोपा आहे: हवाबंद पेटी, तीत आर्द्रता शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, भिंगावरील धूळ आधी फुंकणीने व मऊ कुंचल्याने काढून मगच कापड लावण्याची शिस्त, खाऱ्या वाऱ्यानंतर बाहेरचे अंग ओल्या फडक्याने पुसणे, आणि किल्ली ज्यांच्याकडे राहील अशा दोन जबाबदार सभासदांची नेमणूक.

त्या पेटीशेजारी एक नोंदवही असावी. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, कोणती जात, अंदाजे किती, आणि चित्र घेतले असल्यास त्याचा क्रमांक, एवढे रकाने पुरेत. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते आणि ती बहुतांशी स्वयंसेवकांच्याच बळावर चालते. ज्या संस्थेकडे अशी वही आहे तिचे सभासद त्या गणनेत रिकाम्या हाताने जाणार नाहीत. पाणथळींच्या संरक्षणासाठी 2017 चे नियम अस्तित्वात आहेत, तरीही अमुक तळ्यात पक्षी येतच नाहीत, ते निरुपयोगी डबके आहे, असा दावा करून भराव टाकण्याचे प्रयत्न होतात. तेव्हा तक्रारअर्जासोबत जोडण्यास नागरिकांच्या हाती बहुधा हळहळीखेरीज काही नसते. सलग पाच हिवाळ्यांच्या दिनांकित नोंदी आणि त्यांना आधार देणारी, शंभर-दोनशे मीटरांवरून घेतलेली साधी चित्रे असतील, तर तो अर्ज कोणत्याही सक्षम अधिकाऱ्यास विचारात घ्यावा लागेल. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे हा ठराव मांडण्यास सूचक आणि अनुमोदक अशा दोनच व्यक्ती लागतात, आणि थवे उतरण्यापूर्वी यंत्र गच्चीवर मांडलेले हवे असेल तर खरेदीची चौकशी दिवाळीच्या आत सुरू केली पाहिजे.